कोल्हापूर ते गोंदिया, दीड तास

आबांनी ही बातमी दिली तेव्हा मी सातवीचे गणिताचे पेपर तपासत बसले होते आणि आधीच वैतागलेली होते.

“दीड तास!” फोनमधून आबा ओरडले. आबा म्हणजे माझे वडील. गावाहून, कोडोलीतून फोन करतात तेव्हा ते नेहमीच ओरडतात, जणू कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या माझ्या घरापर्यंत आवाज स्वतःच्याच ताकदीवर पोचवायचा आहे. “कोल्हापूर ते गोंदिया, इमानानं दीड तास! ऐकलीस का?”

“कोण म्हणालं?”

“फोन म्हणाला की.”

आबांच्या फोनवर माइकचं एक बटण आहे. ते दाबून बोललं की फोनमधली बाई उत्तर देते, हे त्यांना कळल्यापासून आमच्या घरात माझ्या शब्दाला काही किंमत उरलेली नाही. म्हशीनं वैरण का सोडली, उद्या ऊन पडणार का, गुडघ्याला कुठलं तेल लावावं, सगळं ते त्या बाईला विचारतात. त्या दिवशी त्यांनी तिला गोंदियाचं विचारलं होतं. तिनं अंतर सांगितलं, विमानाला लागणारा वेळ सांगितला, आणि आबांचा आनंद गगनात मावेना.

“आत्ता कोडोलीस्नं तुझ्याकडं यायचं म्हटलं तर सणाच्या गर्दीत तेवढाच वेळ जातोय. म्हंजे बायेचं घर तुझ्या घराएवढंच लांब हाय! आनि आमी बसलोय हितं, लई लांब, लई लांब करत.”

बाये म्हणजे त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या. “आबा, मी बघतो आधी,” मी म्हणाले. आमच्याकडच्या बायका ‘मी बघतो, मी येतो’ असंच बोलतात. शाळेत शिकवायला लागल्यावर मी ते सोडलं, पण आबांशी बोलताना सुटत नाही. “मी बघतो. तवर तुम्ही कुणाला काय सांगू नगा.”

“सांगितलं की. तिलाच आधी फोन लावला. भाऊबिजेला येतो म्हटलं.”

मी लाल पेन खाली ठेवलं. राहिलेले पेपर त्या दिवशी तपासून झाले नाहीत.

आत्याचं लग्न झालं तेव्हा तिचं सासर हाकेच्या अंतरावर होतं. नवरा मूळचा गोंदियाचा, पण नोकरीला वारणानगरला, साखर कारखान्यात केमिस्ट. कॉलनीतलं त्यांचं घर आमच्या मळ्यातून चालत जाण्याएवढं जवळ. पोरगी डोळ्यांसमोर राहावी म्हणूनच तर आजोबांनी हा मुलगा पसंत केला होता. त्याचं स्वतःचं गाव कुठं आहे, हे नकाशात बघायचं कुणालाही सुचलं नाही. नोकरी कुठं आहे हे बघितलं आणि मुलगी दिली. काही वर्षांनी त्याचे वडील वारले, घरच्या भाताच्या गिरणीला माणूस हवा झाला, आणि तो नोकरी सोडून परत गेला. आत्या ट्रकमध्ये संसार भरून महाराष्ट्राच्या ह्या टोकावरून त्या टोकाला गेली. गोंदियाच्या पुढं थोडं गेलं की आपलं राज्यच संपतं.

ती जायच्या आधीच्या दिवाळीचं मला चांगलं आठवतं. मी आईवडिलांची एकुलती. भाऊबिजेला शेजारच्या मुली भावांना ओवाळत होत्या आणि मी कोपऱ्यात बसून भोकाड पसरलं होतं. आत्यानं मला उचललं, कॉलनीतल्या तिच्या घराच्या गच्चीवर नेलं, हातात निरांजनाचं तबक दिलं आणि आभाळातली चंद्राची बारीक कोर दाखवली. “भाऊ न्हाय त्या पोरींचा ह्यो भाऊ,” ती म्हणाली. “हिकडं तोंड कर आनि ओवाळ.” मी ओवाळलं. नंतर खाली येऊन तिनं आबांना ओवाळलं, कारण तिचा भाऊ पाटावर बसून तिची वाटच बघत होता.

ती गोंदियाला गेल्यावर आबा पहिल्या दोन-तीन भाऊबिजांना रेल्वेनं गेले. कोल्हापुरातून थेट गोंदियाला एक गाडी जाते. एक अख्खा दिवस, एक अख्खी रात्र आणि वर आणखी थोडं, एवढं बसून राहायची तयारी असेल तर पोचवतेही. पण भाऊबीज येते ती नेमकी ऊसतोडीच्या तोंडावर. तोडणाऱ्यांची टोळी आली म्हणजे मालक फडावर पाहिजे. शिवाय म्हशी. म्हशींना दिवाळीची सुट्टी नसते, आणि आमच्या म्हशी दुसऱ्या माणसाच्या हाताला दूध देत नाहीत असा आबांचा ठाम समज. त्यामुळं दर वर्षी भाऊबिजेला सकाळी फोन व्हायचा. ह्या वर्षी जमंना झालंय, फुडच्या वर्षी नक्की येतो. फोन ठेवला की आबा मळ्यात जायचे. मला त्यांचा राग यायचा. एक वर्ष म्हशींच्या धारा दुसऱ्यानं काढल्या असत्या तर काय आकाश कोसळलं असतं का, असं मी एकदा तोंडावर विचारलंही होतं. ते म्हणाले, तुला म्हशीतलं काय कळतंय.

पुढं उसाचं रान खंडानं दुसऱ्याला कसायला दिलं, म्हशी कमी झाल्या, आणि आबांकडं वेळ आला तेव्हा आबांच्या छातीचं ऑपरेशन झालं. लांबचा प्रवास बंद, ताटकळत बसणं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. तिकडं आत्याच्या किडन्या गेल्या. तिचं दर आठवड्याला डायलिसिस. ती गोंदिया सोडू शकत नाही, आबा तासन् तास बसू शकत नाहीत. एवढी वर्षं जाता येत होतं तेव्हा गेले नाहीत, आणि आता दोघांनाही हलता येईना.

गणपतीत आत्याचा फोन आला होता. एरवी ती तिकडच्या सवयीनं अर्धं हिंदी मिसळून बोलते, पण आबांशी बोलताना थेट कोडोलीत उतरते. “दादा, ह्या भाऊबिजेला ये,” ती म्हणाली. “फुडच्या भाऊबिजेचं काय खरं न्हाय.” तिनं एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ‘ये’ म्हटलं होतं. म्हणून आबांनी त्या फोनमधल्या बाईला विचारलं.

आबांनी बातमी दिली त्या संध्याकाळी मी त्या बाईनं जिथून उत्तर दिलं ते इंटरनेटवरचं पान उघडलं. वर दोन्ही विमानतळांची नावं. खाली नकाशा. कोल्हापूरवर एक टिंब, गोंदियावर एक टिंब, आणि मध्ये पट्टी ठेवून ओढावी तशी सरळ रेघ. नांदेडच्या डोक्यावरून, चंद्रपूरच्या जंगलावरून, कुणाची पर्वा न करता गेलेली. खाली हवाई अंतर, किलोमीटरमध्ये आणि मैलांमध्येही. त्याच्याखाली विमानप्रवासाचा वेळ. मी पान खालपर्यंत ओढलं. विमान कुठल्या वारी, किती वाजता, कुठल्या कंपनीचं, तिकीट कुठं मिळतं, ह्यातलं एक अक्षर नाही. दोन्ही गावांत सध्या हवामान कसं आहे हे मात्र होतं.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ह्यांनी अंतराला वेगानं भागलं होतं! बाकी काही केलंच नव्हतं. एक विमान ताशी अमुक वेगानं जातं, तर तमुक अंतर जायला किती वेळ लागेल. हे गणित मी दर वर्षी फळ्यावर घालते. माझ्या वर्गातल्या एकाही पोरानं आजवर विचारलेलं नाही की बाई, पण असं विमान आहे का? पोरांना गुण हवे असतात, विमान नको असतं. पण मोठ्या माणसांनी, जगाला दिसेल अशा ठिकाणी, नसलेल्या विमानाचा वेळ छापायचा? तिडीक गेली माझ्या डोक्यात. असंच लिहायचं असेल तर कोडोलीपासून चंद्र किती तासांवर आहे तेही लिहा म्हणावं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कोडोलीला गेले. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

“आबा, तसलं विमानच न्हाय.”

“मग येळ कसा सांगितला?”

“त्यांनी नुसतं गणित केलंय.”

“इमान नसताना?”

“व्हय.”

आबांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. “तू बी पोरास्नी असलीच गणितं शिकवतीस व्हय?”

मी पिशवीतून फोन काढून ते पान त्यांच्यापुढं धरलं. पण आबा गप्प बसणाऱ्यातले नव्हते. “मला एक सांग. कोल्हापुरात इमानतळ हाय का न्हाय?” हाय. “गोंदियात हाय का न्हाय?” हाय. “मग?” दोन गावांत एसटी स्टँड असले की मध्ये कधी तरी एसटी धावते, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. दोन्हीकडं धावपट्ट्या बांधायच्या, फिती कापायच्या, आणि मध्ये नुसती रेघ ओढून ठेवायची, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही बसत नव्हतं.

स्टेशन रोडला तिकिटं काढून देणारा एक जण माझ्या ओळखीचा आहे. त्यानं आधी मला चहा पाजला, मग हसला. “ताई, कोल्हापूर-गोंदिया थेट मागणारं गिऱ्हाईक म्हंजे तुम्ही पहिलंच.”

“विमान नाही तर मागणार कोण?”

“आनि कोण मागत न्हाई तर विमान सोडणार कोण?” तो म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन स्क्रीनकडं वळला. नागपूरचं विमान आम्हाला हव्या त्या दिवशी बसत नव्हतं. मुंबईवरून जायचं तर मध्येच आणखी एकदा बदलायचं होतं. शेवटी त्यानं हैदराबाद काढलं. पाडव्याला दुपारी कोल्हापूर सोडायचं, हैदराबादला उतरायचं. तिथून गोंदियाचं विमान आपण पोचायच्या आत निघून गेलेलं असतं, म्हणून रात्र हैदराबादच्या हॉटेलात काढायची, आणि भाऊबिजेला सकाळी गोंदिया. दीड तासाचे दोन दिवस झाले होते. तरी डॉक्टर म्हणाले, चालेल, मध्ये झोप मिळतेय, पण विमानतळावर व्हीलचेअर घ्या.

आबांना हैदराबाद पटेना. “हैद्राबादला कशाला? तितं आपलं काय काम हाय? गोंदिया हिकडं वर, आनि हैद्राबाद खाली.” मी म्हटलं, आबा, विमानाची वाट तिकडनंच आहे. तेव्हा ते हैदराबादला तयार झाले, व्हीलचेअरला नाही. त्यावरून आमचं एक सणसणीत भांडण झालं, ज्यात मी जिंकले.

मग तयारी. आत्यासाठी लुगडं त्यांनी स्वतः दुकानात जाऊन निवडलं, दुकानदाराला चार वेळा घड्या मोडायला लावून. शेजारच्या गुऱ्हाळातून नव्या गुळाची छोटी ढेप आणली. मी म्हटलं, आबा, आत्याला किडनीच्या दुखण्यात गूळ बंद आहे. “खाऊ नगो,” ते म्हणाले. “वास तरी घील.” मी हात टेकले. रोज तिकडून आत्याचा फोन, इकडून आबांचा. दिवसभर दोघं एकच बोलायची: येणार ना, येणार की. तिनं म्हणे पाट रंगवून घेतला होता.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आभाळ भरून आलं. दिवाळीत पाऊस! पणत्या वाऱ्यानं विझत होत्या. आमच्या गल्लीत बायका आकाशाला शिव्या घालत रांगोळीवर ताटल्या झाकत होत्या. मी सगळ्यांपेक्षा जास्त घातल्या. पाडव्याला सकाळी पाऊस थांबला, पण ढग इतके खाली आले होते की विमानतळाकडं जाणाऱ्या उजळाईवाडीच्या रस्त्यावर समोरची टेकडी दिसत नव्हती.

विमानतळावर आबा ताठ बसले होते. स्वच्छ धोतर, इस्त्रीची टोपी, व्हीलचेअरमध्ये बसल्याचा राग चेहऱ्यावर. तपासणीत त्यांची पिशवी अडकली. स्क्रीनवर एक काळा गोळा दिसत होता म्हणे. जवानानं हिंदीत विचारलं, ये क्या है. आबांनी ढेप बाहेर काढली, फडकं सोडलं. “पावणं, गूळ हाय. कोल्हापूरचा. फोडून देऊ का जरासा?” जवानाला हसू आवरेना. त्यानं ढेप नाकाजवळ नेली, वास घेतला आणि हात जोडून परत दिली. आबा माझ्याकडं बघून म्हणाले, “बघ. वास घेतला का न्हाय?”

आत काचेजवळ आम्ही बसलो. हैदराबादहून येणारं विमान उतरायचं आणि तेच आम्हाला घेऊन जायचं. उतरायची वेळ टळली. मग पुढची एक वेळ सांगितली, तीही टळली. काचेबाहेर धावपट्टीचं पलीकडचं टोक पांढऱ्यात बुडालं होतं. मी दर थोड्या वेळानं काउंटरवर जायची आणि काउंटरवरची मुलगी दर वेळी तेच सांगायची, मॅडम, व्हिजिबिलिटी. तिचा काही दोष नव्हता. तरी माझा आवाज चढला. ओरडायला समोर दुसरं कुणी नव्हतं.

आणि मग विमानाचा आवाज आला. सगळी माणसं काचेशी गेली. आबा व्हीलचेअरमधून उठले.

“आलं!” ते म्हणाले. “आलं की! वरच हाय!”

होतं. डोक्यावरच होतं. दिसत काही नव्हतं, पण त्याची घरघर ढगातून इकडून तिकडं जात होती, लांब होत होती, परत जवळ येत होती. आबांची मान आवाजाबरोबर फिरत होती. “वळतंय बघ. आता उतरंल. जागा हुडकायलंय.” एकदा आवाज इतका खाली आला की काचा थरथरल्या आणि मी हातातली पिशवी उचलली. त्या क्षणी मला तो सगळा मूर्खपणा माफ होता, ते पान, ती रेघ, हैदराबाद, सगळं. मग आवाज वर गेला. लांब गेला. आबा अजून मान वर करून ऐकत होते. मला आधी कळलं की आता तो परत येणार नाही. त्यांना कळायला थोडा वेळ लागला.

घोषणा झाली तीन भाषांत. खराब हवामानामुळं विमान हैदराबादला परत गेलं. आजचं उड्डाण रद्द. उद्या दुपारी, हवा चांगली असल्यास. उद्या दुपारी हैदराबाद म्हणजे गोंदिया परवा. आणि परवाचं गोंदियाचं विमान भरलेलं, त्यापुढचीही दिवाळीची परतीची गर्दी सरेपर्यंत भरलेली. काउंटरवरच्या मुलीनं माझ्यासमोर स्क्रीन फिरवून दाखवली. तिला बिचारीला वाटलं असावं, ही बाई बघितल्याशिवाय हलणार नाही.

बाहेर आलो तेव्हा एक तरुण गाडीवाला पुढं झाला. त्यानं सगळं ऐकलं होतं. “पावणं, गाडी करा की. रात्रभर मारतो. उद्या दिवस मावळायच्या आत गोंदियात घालतो.”

आबांचे डोळे चमकले. “चल.”

“आबा, न्हाय.”

“मागं आडवा हुतो की मी.”

“डॉक्टर काय म्हणाले? वाटंत काय झालं तर मी कुठं थांबवू गाडी? कुठल्या गावात?”

“काय हुतंय? झालं तर झालं.”

“न्हाय म्हणजे न्हाय!” मी इतक्या जोरात ओरडले की गाडीवाला दोन पावलं मागं सरकला. आबांनी गुळाची पिशवी उचलली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं एका शब्दात ऐकलं, आणि त्याचं मला काडीचं समाधान वाटलं नाही. कोडोलीला पोचेपर्यंत ते गुळाची पिशवी मांडीवर घेऊन खिडकीतून बाहेर बघत होते. आत्याला मीच कळवलं. ती “बरं” म्हणाली आणि एवढंच विचारलं, दादा जेवला का.

भाऊबिजेला मी कोडोलीतच होते. आभाळ तसंच. आबांनी सकाळपासून तोंडात काही घातलं नव्हतं. आमच्यात भाऊ बहिणीनं ओवाळल्याशिवाय जेवत नाही. एवढी वर्षं आबा सकाळच्या फोनवर भागवायचे, ह्या वर्षी नाही. मी रागावले, गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत म्हणाले, शेवटी नुसता कपभर दुधावर तडजोड झाली. आत्याला व्हिडिओ कॉल करू या, तिकडून ती ओवाळेल, इकडं तुम्ही बसा, असं मी सुचवलं. आत्याच्या मुलाला फोनही केला. मागून आत्याचा आवाज आला. “फोनला कुंकू लावू व्हय? काचेला?” तिनं तो विषय तिथंच संपवला. दुपार गेली. आबा अंगणात खुर्ची टाकून बसून होते. टोपी काढली नव्हती. त्या दिवशी त्यांनी फोनमधल्या बाईला काहीही विचारलं नाही.

दिवस मावळायला आला आणि आत्याचा फोन आला. आबांनी तो नेहमीप्रमाणं स्पीकरवर लावला.

“दादा, ओवाळलं बघ.”

“कुणाला?”

“चंद्राला. आत्ताच दिसला. बारीक हाय, पर दिसला.”

आबांना कळेना. “चंद्राला कशाला?”

“मग कुणाला?” ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, दुधाचा रतीब कुणाकडून घेते हे सांगावं तसं ती सांगत होती. “दरसाल त्यालाच ओवाळतो की मी. तू येत न्हाईस, मग तबक तसंच कसं ठेवू?”

मी दारात उभी होते, तिथंच राहिले. कॉलनीतली ती गच्ची मला दिसत होती. भाऊ न्हाय त्या पोरींचा ह्यो भाऊ, असं मला शिकवणारी, स्वतःचा धडधाकट भाऊ असलेली बाई एवढी वर्षं गोंदियाच्या गच्चीवर एकटी तबक घेऊन उभी राहत होती, आणि आम्ही इकडं म्हशींच्या धारा काढत होतो. मला रडू आलं नाही. मला चीड आली, आबांची, रेल्वेची, विमानांची, त्या सरळ रेघेची, सगळ्याची एकदमच.

आबांनी फोन तोंडाजवळ नेला. पलीकडून तीच बोलली.

“हितं आता तो बुडायला आलाय. तुझ्याकडं दिसंल अजून. आमच्याकडं अंधार पडला तरी तुमच्याकडं उजेड असतोय, मला ठावं हाय. माझ्याकडनं निघाला की तुझ्याकडंच येतोय तो. बघ की बाहीर जाऊन.”

हे मात्र तिचं बरोबर होतं. गोंदिया पूर्वेला, आम्ही पश्चिमेला. तिच्या गच्चीवरून मावळलेला चंद्र त्यानंतरही थोडा वेळ कोडोलीवर असतो. मध्ये कुठं उतरत नाही, बदलावा लागत नाही. दीड तास कशाला, अर्ध्या तासाच्या आत येतो.

आबा उठले. फोन हातात धरून अंगणाच्या कडेला, गोठ्याच्या पलीकडं जाऊन पन्हाळ्याकडं तोंड करून उभे राहिले. मी मागं गेले. पन्हाळा दिसत नव्हता. पश्चिमेला एक टोक ते दुसरं टोक नुसता काळा ढग होता, कालच्या विमानाला परत पाठवणारा तोच. त्यात चंद्राचं नखही दिसणं शक्य नव्हतं.

“दिसला का, दादा?”

आबा वर बघत होते. मी तोंड उघडणार होते. त्यांनी माझ्याकडं न बघता हातानं गप्प केलं.

“व्हय,” ते म्हणाले. “दिसला की.”

“कसा हाय?”

“बारीक हाय. कोयत्यावानी. जरा तिरका झालाय बघ, डाव्या अंगाला.”

“हां, तसाच हाय. टोपी हाय का डोक्यावर?”

“हाय.”

“मग हात जोड.”

आबांनी हात जोडले. फोन दोन्ही तळव्यांच्या मध्ये होता, त्यामुळं तिचा आवाज त्यांच्या हातांतून येत होता. त्यांनी त्या काळ्या ढगासमोर मान खाली घातली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

“झालं,” आत्या म्हणाली. “आता जेव जा. सकाळधरनं उपाशी असशील, मला ठावं हाय.”

फोन बंद झाला. आबांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली. मग माझ्याकडं वळले.

“वाढ मला,” ते म्हणाले.